तरणतलावातील डाग : आधी ओळख, मग उपाय

लोणावळा, कर्जत, अलिबाग परिसरातील बंगल्यांच्या आवारात खासगी तरणतलाव असणे ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. मात्र तलावाच्या तळावर तपकिरी, हिरवट वा काळपट डाग दिसू लागले की क्लोरिनची मात्रा वाढविणे किंवा ॲसिडने घासून काढणे, हेच दोन उपाय बहुधा केले जातात. डाग कशाचा आहे हे न पाहता केलेला उपाय तो डाग अधिक पक्का करू शकतो.

रंगावरून अंदाज

गळून पडलेली पाने, जांभळे, फुले यांचे डाग तपकिरी, हिरवट किंवा जांभळट असतात आणि कचरा साचतो तेथेच ते प्रामुख्याने आढळतात. शेवाळ हाताला बुळबुळीत लागते व ब्रशने निघते. लोहाचे डाग तांबूस-तपकिरी असतात. कूपनलिकेचे पाणी भरताना स्वच्छ दिसते; परंतु त्यात विरघळलेल्या लोहाचा क्लोरिनशी संयोग झाला की त्याचा गंज बनून तो तळावर बसतो. निळसर-हिरवे डाग तांब्याचे असतात. शेवाळ मारण्यासाठी वापरलेले मोरचूद किंवा आम्लधर्मी पाण्याने झिजलेले तांब्याचे नळ, ही त्याची प्रमुख कारणे होत. काळा वा जांभळट काळा डाग मँगनीजचा असू शकतो. पांढरा, खरखरीत थर क्षारांचा असतो.

दोन सोप्या चाचण्या

रंग फसवा असल्याने खात्री करून घेणे आवश्यक ठरते. पंप बंद करून क्लोरिनची थोडी भुकटी डागावर सोडावी. काही मिनिटांत डाग फिका पडल्यास तो सेंद्रिय समजावा. फरक न पडल्यास 'क' जीवनसत्त्वाची साधी पांढरी गोळी डागावर अर्धा ते एक मिनिट दाबून धरावी. डाग उजळला, तर तो धातूचा, बहुतेक वेळा लोहाचा असतो. रंगीत फायबर वा व्हिनाईलचे अस्तर असलेल्या तलावात क्लोरिनची चाचणी टाळावी. अस्तराचाच रंग उडण्याची भीती असते.

डाग काढताना

सेंद्रिय डागांवर क्लोरिनची वाढीव मात्रा आणि ब्रश पुरेसा असतो. लोहाच्या डागांबाबत मात्र नेमके उलट करावे लागते. प्रथम क्लोरिनचे प्रमाण जवळजवळ शून्यावर येऊ द्यावे, कारण क्लोरिन 'क' जीवनसत्त्व निकामी करते. त्यानंतर एक लाख लिटर पाण्यास साधारण सव्वा किलो या हिशेबाने ॲस्कॉर्बिक ॲसिड डागांच्या भागात टाकून पाणी फिरते ठेवावे. डाग गेल्यावर धातूंना पाण्यातच धरून ठेवणारे रसायन मिसळावे, घसरलेला पीएच ७.२ ते ७.६ पर्यंत आणावा आणि क्लोरिन हळूहळू वाढवावे. घाई केल्यास लोह पुन्हा तळावर बसते. क्लोरिन पूर्ववत होईपर्यंत तलावात कोणीही उतरू नये. तांब्याचे व मँगनीजचे डाग अधिक चिवट असून त्यासाठी जाणकाराची मदत घेणे श्रेयस्कर. टाइल्सवरील क्षारांचा थर ओल्या प्युमिस दगडाने हलक्या हाताने घासता येतो.

हे कटाक्षाने टाळा

ॲसिड आणि क्लोरिन कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून विषारी क्लोरिन वायू बाहेर पडतो. क्लोरिनचे दोन वेगळे प्रकार एकाच भांड्यात मिसळल्यास आग वा स्फोटही होऊ शकतो. ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, ॲसिडमध्ये पाणी नव्हे. हातमोजे आणि चष्मा अनिवार्य समजावा. ही कामे बहुधा बंगल्याचा माळी वा रखवालदार करतो. त्याला ही माहिती देण्याची जबाबदारी मालकाची आहे.

डाग घासण्यासाठी पावसाळ्यात तलाव रिकामा करणे हाही धोक्याचा मार्ग. भूजलाची पातळी वाढलेली असताना खालून येणाऱ्या दाबामुळे रिकाम्या तलावाला तडे जातात, प्रसंगी तो उचललाही जातो.

पाणी भरण्यापूर्वीच कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यातील लोह, तांबे व मँगनीजचे प्रमाण प्रयोगशाळेतून तपासून घेतल्यास पुढील बहुतांश त्रास टळतो. पाने रोज जाळीने काढणे आणि पीएच नियमित तपासणे, एवढी शिस्त पाळली तर उरलेल्या डागांनाही फारसा वाव राहत नाही.