३२४ की ३२७?

मध्य रेल्वेच्या बदलापूर लोकलमध्ये खिडकीची जागा आणि क्रिकेटचा वाद सहजासहजी कुणी सोडत नाही. त्यातला एक वाद बराच जुना आहे. मुंबई विद्यापीठाकडून खेळलेला सर्वांत मोठा खेळाडू कोण? उल्हासनगरची चांदीबाई आणि आरकेटी ही कॉलेजंही याच विद्यापीठाची. त्यामुळे या वादात तोंड घालायचा हक्क माटुंगा-चर्चगेटवाल्यांइतकाच उल्हासनगरच्या कॅम्पातल्या पोरांनाही आहे.

गाडी बहुधा दोन आकड्यांवर येऊन अडते. अजित वाडेकरांनी विद्यापीठाकडून खेळताना एका डावात ३२४ धावा केल्या. पुढे सुनील गावसकरांनी ३२७ करून तो विक्रम मोडला. फरक तीन धावांचा, आणि तेवढ्यावर दोन पिढ्या भांडत आल्या आहेत.

ज्या रोहिंटन बारिया करंडकासाठी या धावा झाल्या, ती आंतरविद्यापीठ स्पर्धा १९३५-३६ मध्ये सुरू झाली. मुंबईच्या ए. डी. बारिया यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ हा करंडक दिला होता. आयपीएल सोडाच, एकदिवसीय सामनेही नव्हते, त्या काळात निवड समितीच्या नजरेत भरायची ही मोठी संधी असे. या स्पर्धेत धावा केल्या की रणजीचं दार किलकिलं व्हायचं.

वाडेकरांची सुरुवात मात्र करंडकाच्या स्वप्नाने झाली नव्हती. ते एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शिकत होते आणि त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं. शेजारी राहणारे, कॉलेजच्या संघातले लेगस्पिनर बाळू गुप्ते त्यांना बसमध्ये भेटले. संघाला बारावा खेळाडू हवा होता. दिवसाला तीन रुपये मिळणार म्हटल्यावर वाडेकर तयार झाले. पाणी न्यायला गेलेला हा मुलगा पुढे भारताचा कर्णधार झाला, हा किस्सा ते स्वतः रंगवून सांगत. रुईया कॉलेजही त्यांना आपलं म्हणतं. तेव्हा वाडेकर नेमके कोणत्या कॉलेजचे, हा वादातला पोटवाद.

पण ३२४ने वाडेकरांना लगेच काही दिलं नाही. १९५८-५९ मध्ये ते मुंबईकडून रणजी खेळू लागले, तरी कसोटीची टोपी मिळायला डिसेंबर १९६६ उजाडला. गावसकरांचं उलट झालं. झेवियर्सचा हा सलामीवीर विद्यापीठ क्रिकेटमधल्या धावांच्या राशीवरून जवळजवळ थेट १९७१च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर गेला आणि चार कसोटींत ७७४ धावा करून परतला. ३२७वाले या आकड्यानंतर गप्प बसतात, कारण त्यांच्या मते विषय संपलेला असतो.

तो इतक्यात संपत नाही. त्याच दौऱ्यावर दिलीप सरदेसाईही होते. मडगावहून १९५७ मध्ये मुंबईत आलेला हा मुलगा विल्सन कॉलेजात गेला, आणि १९५९-६० च्या रोहिंटन बारियात त्याने ८७च्या सरासरीने ४३५ धावा काढल्या. पुढच्या मोसमात भारतीय विद्यापीठ संघाकडून पुण्यात पाकिस्तानच्या दौऱ्यावरील संघाविरुद्ध पुन्हा ८७. दहा वर्षांनी त्यांची जागा डळमळीत असताना वाडेकरांनी आग्रह धरून त्यांना वेस्ट इंडिजला नेलं. किंग्स्टनला भारताची ५ बाद ७५ अशी दैना असताना सरदेसाईंनी २१२ केल्या; मालिकेत एकूण ६४२. मालिका भारताने १-० जिंकली. वाडेकरांना कर्णधार केलं ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने, आणि मर्चंट म्हणजे सिडनहॅम कॉलेजचे एकेकाळचे कर्णधार! १९७१चा तो विजय मुंबईच्या कॉलेज क्रिकेटची वरात होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

माटुंग्यात या वादाला वेगळाच रंग चढतो. रुईया आणि पोदार ही शेजारशेजारची कॉलेजं एकाच शिक्षण प्रसारक मंडळीची, म्हणजे भांडण घरातलंच. रुईयावाले संदीप पाटलांचं नाव घेतात. १९८१ मध्ये अ‍ॅडलेडला लिली आणि पास्को यांच्यासमोर त्यांनी काढलेल्या १७४ धावा ऐकवतात. पोदारकडे दिलीप वेंगसरकर आणि रवी शास्त्री. शास्त्री तर मुंबईकडून खेळले तेव्हा सतरा वर्षांचे, ज्युनिअर कॉलेजातले. फेब्रुवारी १९८१ मध्ये त्यांना कानपूरहून तडक न्यूझीलंडला बोलावलं गेलं. वेलिंग्टनला पहिल्याच कसोटीत त्यांनी शेवटी चार चेंडूंत तीन बळी घेतले.

या सगळ्या नावांत कल्याणपलीकडचं एकही नाही, हे बदलापूरकरांना खुपतं, आणि खुपायलाच हवं. मुंबईचं क्रिकेट आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इथल्या नेट्समध्ये आणि भर पावसात चालणाऱ्या कांगा लीगमध्ये घडलं. बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटर. पहाटेच्या लोकलमध्ये किटबॅग चढवून नेट्स गाठायच्या, मग लेक्चर, मग पुन्हा तीच गर्दी. गुणवत्तेआधी इथे अंतर आडवं येतं. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे आणि कल्याणचा तुषार देशपांडे हे अंतर कापून भारताकडून खेळले, पण त्यांची वाट विद्यापीठापेक्षा क्लब आणि वयोगट क्रिकेटमधून गेली. आज आंतरविद्यापीठ धावांवर कुणी भारतीय संघात जात नाही, त्यामुळे यादीत नवं नाव येणंही अवघडच.

तरी निवाडा करायचाच तर निकष आधी ठरवावा. पुढची कीर्ती बाजूला ठेवून विद्यार्थी असताना कुणी काय केलं, एवढंच पाहिलं तर पारडं पॉली उमरीगरांकडे झुकतं. मुंबई विद्यापीठाचे कर्णधार असलेल्या उमरीगरांनी १९४८ मध्ये संयुक्त विद्यापीठ संघाकडून वेस्ट इंडिजच्या कसोटी संघाविरुद्ध नाबाद ११५ केल्या. इतर विद्यापीठांच्या गोलंदाजीवर त्रिशतक ठोकण्यापेक्षा हे काम कठीण होतं. काही आठवड्यांतच, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ब्रेबॉर्नवर ते पहिली कसोटी खेळले. निवृत्त झाले तेव्हा ३६३१ कसोटी धावा त्यांच्या नावावर होत्या, कोणत्याही भारतीयापेक्षा जास्त.

यावर गावसकरवाल्यांचं उत्तर तयार असतं : तो विक्रमही सुनीलनेच मोडला, आणि उमरीगरही झेवियर्सचेच होते.