काळ्यापांढऱ्या चित्रास रंगीत प्रकाश

काळ्यापांढऱ्या छायाचित्राच्या छपाईंत रंगीत प्रकाशाचें काम काय, असा प्रश्न सुज्ञ श्रोत्यांस सहज पडेल. त्याचें उत्तर छपाईच्या इतिहासांतच आहे.

मुंबईंत १८५४ सालीं ‘फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली व पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या कलेचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीचे सभासद होते. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गांत शिकून पुढें व्यवसायी छायाचित्रकार झाले. त्या काळीं कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप देऊन तो चांदीच्या क्षारानें प्रकाशग्राही करीत, निगेटिव्हच्या कांचेखालीं चौकटींत दाबीत आणि उन्हांत ठेवीत. कांच जेवढी, चित्र तेवढेंच. आणि निगेटिव्ह निस्तेज असली तर चित्रहि बहुधा निस्तेजच. छापणाराच्या हातीं फारसें कांहीं नसे.

विजेचा दिवा, ब्रोमाइड कागद आणि एन्लार्जर आल्यावर लहान निगेटिव्हवरून मोठें चित्र काढतां येऊं लागलें. कागदहि मऊ, मध्यम व कडक अशा प्रतींचे मिळूं लागले. मात्र प्रत्येक प्रतीची निराळी पुडी जवळ बाळगणें भाग पडे. १९४० सालीं इंग्लंडांतील इलफर्ड कंपनीनें ‘मल्टिग्रेड’ कागद विक्रीस आणला आणि एकाच कागदावर या सर्व प्रती साधूं लागल्या. अशा कागदावर हिरव्या प्रकाशानें काळ्यापांढऱ्यांतील भेद सौम्य उमटतो, निळ्या प्रकाशानें तीव्र.

पुढें रंगीत चित्रांसाठीं जे एन्लार्जर निघाले, त्यांच्या दिव्याच्या पेटींत पिवळी, किरमिजी आणि निळसर-हिरवी अशा तीन कांचा बसविलेल्या असतात. पिवळी कांच निळा प्रकाश अडविते, म्हणून चित्र मऊ होतें. किरमिजी हिरवा अडविते, म्हणून तें कडक होतें. तिसरी शून्यावर ठेवावी. ती तांबडा प्रकाश अडविते, आणि तांबड्याचा या कागदावर परिणामच होत नाहीं. खुंटी हलके हलके फिरवावी, म्हणजे मधल्या सर्व पायऱ्या मिळतात.

शहापूर तालुक्यांतील भातसानगरचें उदाहरण घ्यावें. उन्हाळ्याच्या भर दुपारीं तेथें धरणाचें पाणी लखलखतें, झाडांखालीं मात्र काळोख. अशा निगेटिव्हला पिवळ्याची जोड द्यावी. आषाढांत डोंगर, पाणी, आकाश सारेंच करडें होतें. तेव्हां किरमिजी उपयोगी पडते. रंगाचें प्रमाण बदललें कीं प्रकाश देण्याचा अवधीहि बदलतो; म्हणून आधीं कागदाच्या पट्टीवर परीक्षा करावी. या पेटीचा प्रकाश विखुरलेला असल्यानें निगेटिव्हवरील बारीक ओरखडेहि कमी दिसतात.

एकविसाव्या शतकांत रंगीत छपाई संगणकाकडे गेली आणि अशीं कितीएक यंत्रें अडगळींत पडलीं. त्यांच्याच शेजारीं पुष्कळ घरांतून जुन्या निगेटिव्हहि पेटींत पडून आहेत. भिंतीवरील चित्र फिकें झालें, तरी मूळ वस्तु ती निगेटिव्हच होय. ती फेंकून देण्यापूर्वीं एखाद्या जाणत्याच्या अंधाऱ्या खोलींत न्यावी. आजवर केवळ पांढरा डाग म्हणून दिसलेल्या आजीच्या मुखावरील सुरकुत्या आणि तिच्या लुगड्याचे काठ तेथें कागदावर पुन्हां उमटण्याचा पुष्कळ संभव आहे.