स्टुडबेकर
अमेरिकेतील एक जुनी मोटारनिर्माती कंपनी. हेन्री व क्लेमंट या स्टुडबेकर बंधूंनी १८५२ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे लोहारकामाचे दुकान काढले व तेथे घोडागाड्या बांधल्या. कंपनीने १९०२ मध्ये विजेवर, तर १९०४ मध्ये पेट्रोलवर चालणारी मोटार आणली. १९३९ मधील ‘चँपियन’ ही हलकी, कमी इंधन लागणारी मोटार लोकप्रिय ठरली. चढावर गाडी मागे घसरू न देणारी ‘हिल होल्डर’ योजना चालकांना सोयीची वाटे; मात्र पत्रा लवकर गंजतो, अशी मालकांची तक्रार असे. १९५४ मध्ये पॅकार्ड या मोटार कंपनीशी विलीनीकरण होऊनही मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत तिचा टिकाव लागला नाही. साउथ बेंडमधील मोटारनिर्मिती डिसेंबर १९६३ मध्ये, तर कॅनडातील हॅमिल्टन येथील मार्च १९६६ मध्ये थांबली.