टाचणातले रकाने कुठून आले?

घरात कुणी शिक्षक असेल तर 'पाठ टाचण' हा शब्द तुमच्या कानांवरून गेलाच असेल. आमच्या नातवंडांसाठी थोडक्यात सांगते. उद्या वर्गात काय शिकवायचे, कसे शिकवायचे हे शिक्षकाने आदल्या दिवशी एका वहीत लिहायचे असते. त्या वहीला उभे रकाने असतात. पहिल्या रकान्यात उद्दिष्टे, दुसऱ्यात स्पष्टीकरणे, मग शिक्षकाने काय करायचे, विद्यार्थ्यांनी काय करायचे, फळ्यावर काय लिहायचे आणि शेवटी मूल्यमापन. मुख्याध्यापकांची सही झाली की आपण वर्गात जायला मोकळे!

यातला 'स्पष्टीकरणे' हा रकाना मोठा गमतीचा. त्यात लिहायचे, "विद्यार्थी प्रत्यास्मरण करतो. विद्यार्थी प्रत्यभिज्ञा करतो. विद्यार्थी फरक स्पष्ट करतो." मराठी माध्यमात बी. ए. केलेल्या मला १९७१ साली बी. एड. ला गेल्यावर हे मराठी प्रथम भेटले. प्रत्यास्मरण म्हणजे आठवून सांगणे आणि प्रत्यभिज्ञा म्हणजे ओळखणे, हे कळायला दोन दिवस लागले. हे शब्द आले कुठून, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. नोकरीत असताना सवड मिळाली नाही. निवृत्तीनंतर वाचत गेले तेव्हा उत्तर सापडले, आणि ते थेट शिकागोत निघाले.

पण सुरुवात त्याच्याही आधीची आहे. आमच्या आधीच्या पिढीतले शिक्षक 'हर्बार्टच्या पाच पायऱ्या' घोकत असत. हर्बार्ट हे जर्मन तत्त्वज्ञ (१७७६-१८४१). १८०९ साली ते कोनिग्जबर्गला कांट ज्या अध्यासनावर होते त्यावर आले. तिथे त्यांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यासवर्ग चालवला आणि त्याला जोडून एक शाळाही काढली. म्हणजे शिकवणे हा विद्यापीठात अभ्यासायचा विषय आहे, असे मानणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. पाच पायऱ्यांचा साचा मात्र त्यांचा नव्हे, तो त्सिलर आणि राइन या त्यांच्या अनुयायांनी पक्का केला. गुरूच्या चार सूत्रांच्या शिष्यांनी पाच पायऱ्या केल्या आणि त्या जगभर गेल्या. विचार पुढे जाताना त्याचा साचा होतो, याचे हे पहिले उदाहरण. दुसरे पुढे येतेच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हायस्कुले भराभर वाढत होती. सगळ्या थरांतली मुले शाळेत येऊ लागली आणि त्यांना शिकवायचे तरी काय, हा प्रश्न उभा राहिला. १९१८ साली शिकागो विद्यापीठातल्या फ्रँकलिन बॉबिट यांनी 'द करिक्युलम' हे पुस्तक लिहिले. मोठी माणसे रोजच्या जीवनात काय काय करतात याची यादी करा, आणि मुलांना तेच शिकवा, असा त्यांचा साधारण विचार. त्यावर कारखान्यातल्या काटकसरीची आणि मोजमापाची छाप होती. लहान मूल म्हणजे जणू उद्या तयार होऊन बाहेर पडणारा माल!

दुसरीकडे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेले टीचर्स कॉलेज होते. १८८७ साली शिक्षक तयार करण्यासाठी सुरू झालेली ही संस्था. १९३८ साली इथे हॉलिस कॅसवेल यांनी 'करिक्युलम अँड टीचिंग' असा स्वतंत्र विभाग उभा केला. या नावाचा तो पहिला विभाग मानतात. कॅसवेल यांनी त्याआधी व्हर्जिनिया राज्यात अभ्यासक्रम बदलण्याचे काम केले होते आणि त्यात हजारो शिक्षकांना सामील करून घेतले होते. काय शिकवायचे हे एकाने ठरवायचे आणि कसे शिकवायचे हे दुसऱ्याने, अशी वाटणी चालत नाही, हे त्यांना त्यातून उमगले होते. विभागाच्या नावातला 'अँड' महत्त्वाचा आहे तो यासाठी. आज आपल्या ओळखीतली मुले अमेरिकेत जाऊन 'करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन' या विषयात पदव्युत्तर पदवी घेतात. त्या नावातही हीच जोडी आहे.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येते.

अमेरिकेतल्या हायस्कुलांची तेव्हाची तक्रार अगदी आपल्यासारखीच होती. कॉलेजप्रवेशाच्या अटींमुळे आम्हाला काही नवीन करताच येत नाही, असे शिक्षक म्हणत. तेव्हा प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन असोसिएशन या संघटनेने एक धाडसी प्रयोग आखला. तीस शाळा निवडल्या. सुमारे ३०० कॉलेजांनी कबूल केले की या शाळांच्या मुलांना आम्ही नेहमीच्या अटी लावणार नाही. १९३३ ते १९४१ अशी आठ वर्षे त्या शाळांनी आपापला अभ्यासक्रम स्वतः बनवला. मग त्यांची १४७५ मुले आणि नेहमीच्या शाळांतली तशीच १४७५ मुले यांच्या जोड्या लावून कॉलेजातली प्रगती तपासली. प्रयोगशाळांतली मुले कुठे मागे पडली नाहीत, उलट थोडी पुढेच होती. ज्या शाळांनी जास्त धाडस केले त्यांची मुले तर जास्तच उजवी ठरली. निकाल १९४२ साली छापून आले, पण तोवर अमेरिका महायुद्धात उतरली होती. फारसे कुणी लक्ष दिले नाही. असो.

या प्रयोगातले मूल्यमापन पाहायला राल्फ टायलर होते. तरुणपणी दक्षिण डाकोटात हायस्कूलच्या मुलांना विज्ञान शिकवलेला हा माणूस. शिक्षकांना ते विचारत, तुम्हाला मुलांमध्ये काय यायला हवे आहे? उत्तर येई, मुलांनी नीट विचार करायला शिकावे. ठीक, पण मूल नीट विचार करते आहे हे तुम्ही कशावरून ओळखाल? तेव्हा ते काय करताना दिसेल? या प्रश्नावर शिक्षक आपसात बोलत, वाद घालत आणि मग आपल्या शब्दांत लिहीत. १९३६ च्या उन्हाळ्यात ओहायो स्टेट विद्यापीठात अशा शिक्षकांना एकत्र बसवले गेले. आपण ज्याला 'कार्यशाळा' म्हणतो, तो 'वर्कशॉप' शब्द शिक्षणात रूढ झाला तो अशा उन्हाळी वर्गांतून.

मंडळी, आमच्या टाचणातल्या 'स्पष्टीकरणे' या रकान्याचे मूळ गाव हेच! मूल काय करताना दिसेल, या साध्या प्रश्नाचे शिक्षकाने स्वतः शोधलेले उत्तर.

पुढे टायलर शिकागोला आले. तिथल्या आपल्या वर्गासाठी त्यांनी तयार केलेली टिपणे १९४९ साली 'बेसिक प्रिन्सिपल्स ऑफ करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन' या नावाने पुस्तकरूपात आली. पुस्तक जेमतेम सव्वाशे पानांचे. त्यात चार प्रश्न आहेत. शाळेने कोणती उद्दिष्टे गाठायची? त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे? त्या अनुभवांची मांडणी कशी करायची? आणि उद्दिष्टे गाठली की नाही हे कसे ओळखायचे? या प्रश्नांची उत्तरे टायलर देत नाहीत. ती शाळेशाळेगणिक वेगळी असणार, असे सुरुवातीलाच सांगून टाकतात. उत्तर शोधण्याची रीत तेवढी दाखवतात. उद्दिष्टे शोधायला ते तीन ठिकाणी जायला सांगतात: समोरची मुले, शाळेबाहेरचे जीवन आणि विषयाचे जाणकार. यात मुलांचा क्रमांक पहिला आहे, हे लक्षात ठेवा.

टायलर यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम. १९५६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह उद्दिष्टांची प्रसिद्ध वर्गवारी छापली: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. सुरुवात कॉलेजातल्या परीक्षकांच्या गरजेतून झाली होती. प्रश्नांची देवघेव करायची तर कोणता प्रश्न काय तपासतो याची समान भाषा हवी, एवढाच हेतू.

आणि इथे आपला देश येतो. आपल्याकडे १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने आणि १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने परीक्षापद्धतीवर कडक टीका केली होती. १९५७-५८ मध्ये ब्लूम भारतात आले आणि त्यांनी शिक्षकांच्या, परीक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या. १९५८ साली केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला. पुढे १९६१ साली एन. सी. ई. आर. टी. आली आणि हे काम तिच्याकडे गेले. तिथून ते राज्याराज्यांत, अध्यापक महाविद्यालयांत आणि अखेर आमच्या टाचण वहीत उतरले. आपल्याकडे ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी चौकडी रूढ झाली. प्रश्नपत्रिकेसाठी 'संविधान तक्ता' आला, कोणत्या उद्दिष्टाला किती गुण याचा.

याने फायदा झाला नाही असे मी म्हणणार नाही. त्याआधीची प्रश्नपत्रिका म्हणजे पाच-सहा लांबलचक प्रश्न. वाचलेला धडा आला तर तरलो, नाही तर बुडालो! लघुत्तरी आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांमुळे नशिबाचा भाग कमी झाला. नुसती घोकंपट्टी तपासायची नाही, हे निदान कागदावर तरी मान्य झाले.

पण एक गोष्ट वाटेत गळली. अमेरिकेत हा विचार शिक्षकांच्या गप्पांतून, वादांतून वर आला होता. आपल्याकडे तो परीक्षेच्या दारातून आत आला. तिथे प्रयोगापुरती कॉलेजांनी प्रवेशाची अट बाजूला ठेवली होती. इथे पाठ्यपुस्तक एक, एस. एस. सी. ची परीक्षा एक, आणि ती कुणासाठीही बाजूला ठेवलेली नाही. मग शिक्षकाने उद्दिष्ट 'शोधायचे' म्हणजे काय करायचे? छापील मार्गदर्शिकेतून उतरवून काढायचे. आम्ही तेच केले.

आणखी एक कारण आहे. आपल्या देशात एम. एड. ही पदवी प्रथम मुंबई विद्यापीठाने १९३६ साली सुरू केली, म्हणजे आपणही काही मागे नव्हतो. पण माझ्या पाहण्यात एम. एड. झालेला माणूस बहुधा अध्यापक महाविद्यालयात जाई. अभ्यासक्रमाचा अभ्यास करणारे एकीकडे आणि वर्गात उभे राहणारे दुसरीकडे. कॅसवेल यांच्या नावातला 'अँड' आपल्याकडे तुटला तो इथे.

माझ्या नोकरीचे पहिले वर्ष १९७२-७३. सोलापूर जिल्ह्यातले गाव, आणि तो दुष्काळ! आठवीच्या भूगोलाच्या टाचणात मी लिहिले होते, "विद्यार्थी अवर्षणाची कारणे सांगतो." समोरच्या मुलांची आईबापे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. सुटीच्या दिवशी मुलेही जात. कारणे विचारल्यावर वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने मलाच विचारले, "बाई, खड्ड्याचं माप घेऊन मजुरी देत्यात. ते माप कसं काढायचं?" त्या तासाला आम्ही लांबी, रुंदी, खोलीचे गणित केले. दुसऱ्या दिवशी तीन मुले घरचे माप लिहून घेऊन आली. वार्षिक तपासणीत माझ्या वहीवर शेरा मिळाला, "घटक टाचणाप्रमाणे झालेला नाही." शेरा नियमाला धरूनच होता. त्या वहीत 'मुलांनी काय विचारले' असा रकानाच नव्हता.

टायलर यांच्या पुस्तकात तो होता. पहिल्याच प्रकरणात!

आणि हे शोधायला दर वेळी शिकागोला जावे लागते असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली कोसबाडला गेल्या. वारल्यांची मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पाहिले आणि शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! आधी मूल पाहिले, त्याचे जगणे पाहिले, मग शाळेने काय करायचे ते ठरवले. टायलर यांचे चारही प्रश्न त्यात आले, तेही एकही रकाना न आखता.

ब्लूम यांच्या वर्गवारीत त्यांच्याच सहकाऱ्यांनी २००१ साली सुधारणा केली. आपल्याकडे २०१५ पासून बी. एड. आणि एम. एड. दोन दोन वर्षांचे झाले. स्पष्टीकरणांच्या जागी 'अध्ययन निष्पत्ती' आल्या. शब्द बदलत राहणार. आपल्या कुटुंबातली आणि ओळखीतली जी तरुण मंडळी आज हा विषय शिकत आहेत, इथे किंवा परदेशी, त्यांना माझे सांगणे एवढेच की टायलर यांचे ते सव्वाशे पानांचे पुस्तक मुळातून वाचा. गाइडातले दोन पानी सार वाचून थांबू नका. पुढे कधी तुमच्यावर शिक्षकांसाठी वही आखायची वेळ आली, तर एक रकाना मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवा, आणि तो आदल्या दिवशी भरायची सक्ती करू नका.

तुमच्या वह्यांतही न मावलेले असे काही असेल. जरूर कळवा. वाट पाहते.