लोकप्रियतेची भरती-ओहोटी

प्रजेचे मन जाणून घेण्यासाठी पूर्वीचे राजे वेषांतर करून रात्री नगरात हिंडत, अशा गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. अमेरिकेत हे काम आकड्यांवर सोपविण्यात आले. जॉर्ज गॅलप यांनी १९३५ साली लोकमत अजमावणारी संस्था स्थापन केली. निरनिराळ्या थरांतील काही माणसे निवडून, अध्यक्षांची कारभाराची रीत तुम्हांस पसंत आहे काय, असे ती विचारू लागली. या उत्तरांवरून जे इतिहास तयार झाले, त्यांत हॅरी ट्रूमन यांच्या कारकीर्दीचा इतिहास मला सर्वांत बोधप्रद वाटतो.

१२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट निवर्तले आणि उपाध्यक्षपदी तीन महिनेही न झालेले ट्रूमन अध्यक्ष झाले. जून महिन्यात शेकडा ८७ लोकांनी त्यांना पसंती दिली. वस्तुतः त्यांच्या कर्तृत्वाची परीक्षा अद्याप व्हावयाची होती. दिवंगत नेत्याविषयीचा शोक, जर्मनीवरील विजयाचा आनंद आणि नव्या माणसाविषयीची सद्भावना या तिहींचा तो परिपाक होता. उगवत्या सूर्यास कोण नमस्कार करीत नाही?

पुढे युद्ध संपले आणि संसाराच्या विवंचना सुरू झाल्या. भाव कडाडले, कोळशाच्या खाणींत व रेल्वेत संप झाले, बाजारात मांस मिळेनासे झाले. १९४६ च्या शरद ऋतूत पसंतीचा आकडा शेकडा ३३ च्या आसपास उतरला आणि नोव्हेंबरात विधिमंडळाची दोन्ही सभागृहे प्रतिपक्षाकडे गेली. १९४८ च्या निवडणुकीत ट्रूमन पराभूत होणार, असे खुद्द गॅलप यांचेही भाकीत होते. परंतु आगगाडीने देशभर फिरून ट्रूमन यांनी विजय मिळविला. लगेच लोकप्रियतेला पुन्हा भरती आली.

तीही टिकली नाही. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि चीन त्यात उतरल्यावर ते रेंगाळले. सेनापती मॅकआर्थर सरकारच्या धोरणाविरुद्ध उघडपणे बोलू लागले, तेव्हा ११ एप्रिल १९५१ रोजी ट्रूमन यांनी त्यांस पदच्युत केले. लोक खवळले, परत आलेल्या सेनापतीचे न्यूयॉर्कने प्रचंड स्वागत केले. त्यातच करखात्यातील लाचलुचपतीची प्रकरणे बाहेर आली. फेब्रुवारी १९५२ मध्ये पसंतीचा आकडा शेकडा २२ वर आला. १९७४ साली राजीनामा देतेवेळी निक्सन यांच्या पदरीही शेकडा २४ होते!

ही कथा एकट्या ट्रूमन यांची नव्हे. थोरले बुश १९९१ च्या आखाती युद्धानंतर शेकडा ८९ वर होते. पुढल्याच वर्षी ते निवडणूक हरले. त्यांच्या पुत्राचा आकडा सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यानंतर ९० वर चढला आणि २००८ साली २५ वर घसरला. जॉन म्यूलर या अभ्यासकाने १९७० साली याची मीमांसा केली. संकटकाळी राष्ट्र अध्यक्षांभोवती गोळा होते. एरवी मात्र प्रत्येक निर्णयाने कोणीतरी दुखावतो, आणि अशा दुखावलेल्यांची संख्या वाढत जाते.

म्हणून लोकमत निरर्थक ठरत नाही. १९४६ ची महागाई खरी होती, लाचलुचपतही खरी होती. त्या त्या वेळचे दुःख आकड्यांनी बिनचूक सांगितले. परंतु मॅकआर्थर प्रकरणी खरा प्रश्न निराळा होता: राष्ट्राचे धोरण लोकांनी निवडलेल्या माणसाने ठरवावयाचे, की विजयी सेनापतीने? ट्रूमन यांनी राज्यघटनेस अनुसरून उत्तर दिले आणि त्याची किंमत मोजली. पुढील काळातील इतिहासकारांनी त्यांस पहिल्या दहा अध्यक्षांत स्थान दिले आहे. राज्यकर्त्याने लोकमताचा आकडा रोज अवश्य पाहावा. मात्र आपले कर्तव्य त्यास विचारून ठरवू नये.