तबकडी आणि तिचा वाचक

ग्रंथाचा इतिहास सांगताना आपण भूर्जपत्र, पोथी आणि छापील पुस्तक इथवर येऊन थांबतो. संगणकाच्या तबकडीला या परंपरेत आपण जागा दिलेली नाही. मराठीपुरता तरी हा अन्याय आहे, असे आम्हांस वाटते.

सोनी आणि फिलिप्स यांची ध्वनितबकडी १९८२ साली बाजारात आली. तिचाच संगणकीय अवतार नव्वदच्या दशकात घरोघरच्या संगणकांत स्थिरावला. फ्लॉपीत १.४४ एमबी मावत. सीडीत ६५०, म्हणजे सुमारे साडेचारशे फ्लॉप्यांचा मजकूर. पण आरंभीचा सीडी ड्राइव्ह फक्त वाचत असे. लिहिण्याचा अधिकार प्रकाशकाकडे होता. या अर्थाने सीडी छापील ग्रंथाचीच वारसदार होती.

'राइटर' स्वस्त झाला आणि हे नाते पालटले. वाचकच लेखनिक झाला. उल्हासनगर, अंबरनाथ, मोरिवली, बदलापूर यांसारख्या ठिकाणी डीटीपी करणाऱ्याने "सीडी राइट करून देतो" म्हणणे हा नित्याचा व्यवहार झाला. संग्रह, प्रबंध, विशेषांक सीडीवरून छापखान्यात जाऊ लागले. पोथीच्या नकलेत लेखनिकाची चूक उतरे. येथे नक्कल हुबेहूब असे, मात्र ती वाचणारे यंत्र लागे.

सीडीने मराठीला आणखी एक गोष्ट दिली. २००५ साली केंद्र सरकारने तमिळ आणि हिंदी भाषांसाठी टंक व सॉफ्टवेअर असलेल्या मोफत सीडी काढल्या; पुढे मराठीचीही आली. इंटरनेट मंद व महाग असण्याच्या त्या काळात देवनागरी अक्षर संगणकात पोहोचवणारे वाहन म्हणजे ही तबकडीच.

मग तिचे वाहनपण संपले. पेन ड्राइव्ह आला, इंटरनेट वेगवान झाले. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये अंगभूत ड्राइव्ह नव्हताच. आज बहुतेक नव्या लॅपटॉपांत तो नसतो. एके काळी नवे आत आणण्यासाठी घेतलेला ड्राइव्ह आता जुने बाहेर काढण्यासाठी बाहेरून जोडावा लागतो.

खरा प्रश्न येथेच आहे. घरी राइट केलेल्या सीडीतील अक्षरे रंगद्रव्याच्या थरात उमटलेली असतात. ऊन, दमट हवा आणि काळ यांनी तो थर विटतो. सीडी शाबूत राहिली, ड्राइव्हही मिळाला, तरी तिसरा अडसर उरतो: टंकाचा. युनिकोड रुळण्यापूर्वीचा मराठी मजकूर प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र संकेतांत टाइप केलेला असे. तो टंक नसेल तर फाइल उघडते, पण दिसते ती निरर्थक चिन्हांची रांग.

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख अभ्यासकांपर्यंत पोहोचला, कारण त्याला डोळा आणि लिपीचे ज्ञान एवढेच लागते. वीस वर्षांपूर्वीच्या सीडीला डोळा पुरत नाही.

म्हणून मराठी विभागांच्या कपाटांतील सीडींकडे हस्तलिखितांच्या दृष्टीने पाहावे. त्यांतील मजकूर उतरवून घ्यावा, युनिकोडमध्ये आणावा, एकाहून अधिक ठिकाणी ठेवावा, आणि मूळ टंकाचे नाव नोंदवावे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे काम परके वाटू नये. प्रत जपणे आणि ती वाचण्याची रीत जपणे या दोन्ही गोष्टी आपल्याच विद्येच्या आहेत.