टिळकनगर : साखरेचा अस्त व मद्यार्काचे सातत्य

मूळ धंदा मालवावा आणि त्याच्या पोटी जन्मलेला जोडधंदा मात्र टिकावा, असे एक उदाहरण अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील टिळकनगर येथे आढळते.

१९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर उसाचे मळे वाढले. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेस संरक्षण मिळाले. त्यापाठोपाठ १९३३ मध्ये महादेव डहाणूकर यांनी ‘महाराष्ट्र शुगर मिल्स’ ही कंपनी स्थापिली. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन कंपनीनेच ऊस पिकवावा, अशी तेव्हाच्या खाजगी कारखान्यांची रीत होती.

साखर निघाल्यावर उरणारी मळी आंबवून तिच्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क मिळतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पेय मद्याचा मार्ग रोखला; औद्योगिक मद्यार्कास मात्र परवान्याने वाव राहिला.

खरा आघात साखरेवर झाला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यान्वये कारखान्यांकडील जमिनी काढून घेण्यात आल्या व १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. इकडे १९५० पासून प्रवरानगरच्या मागोमाग सहकारी कारखाने वाढत होते आणि सभासदांचा ऊस तेथे जाऊ लागला. तोडलेला ऊस त्वरित गाळावा लागतो, अन्यथा उतारा घटतो. म्हणून भोवतालची जमीन हाच साखर कारखान्याचा प्राण असतो. मळीचे तसे नाही. ती टाक्यांत साठविता येते, दूरवरून आणता येते. आणि सहकारी कारखान्यांमुळे तिचा पुरवठा वाढतच गेला. १९७३ च्या देशी दारू नियमांनी पेय मद्याचा व्यवसायही पुन्हा नियमित झाला. परिणामी टिळकनगरची साखर कालांतराने थांबली. कंपनी टिळकनगर इंडस्ट्रीज या नावाने मद्यनिर्मितीत टिकून राहिली. शेजारच्या हरिगावी बेलापूर कंपनीचा साखर कारखानाही बंदच पडला.

तथापि हा केवळ यंत्रांच्या जयापजयाचा इतिहास नव्हे. ज्या खंडकरी शेतकऱ्यांच्या जमिनींवर ही उभारणी झाली, त्यांना कारखान्याकडून सुटलेली जमीन परत मिळाली नाही. ती महामंडळाकडे गेली व तिच्यासाठी त्यांना एकविसाव्या शतकापर्यंत झगडावे लागले. जमीन कसणाऱ्यास मिळावी या हेतूने झालेल्या कायद्याचे येथील फलित तपासताना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.